कपाटामागची ओल

मित्रांनो, मी एक जुने, अंग चोरून उभे असलेले घर आहे. आमची सगळी घरे एका ओळीत, एकमेकांना जोडून बांधलेली. माझी एक भिंत शेजारच्या घराचीही भिंत आहे, त्यामुळे इकडे कुणी शिंकले की तिकडून विचारपूस होते. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. मधला जिना इतका अरुंद, की पलंग वर न्यायचा तर आधी त्याचे पाय काढावे लागतात.

पहिल्या कुटुंबाने माझे फार कोडकौतुक केले. पुढे मला भाड्याने दिले गेले. माणसे येत, खिळे ठोकत आणि जात. माझ्या आणि शेजारच्या छपरांमध्ये एकच पन्हळ आहे. ती कुणी साफ करायची? इकडचे म्हणत, तिकडचे करतील. तिकडचे म्हणत, इकडचे. पाला कुजला, पाणी तुंबले आणि वरच्या खोलीची भिंत ओली झाली. मालकांनी तिच्यावर रंग मारला, पुढे कपाट उभे केले आणि मला विकायला काढले.

एक दिवस तरुण नवराबायको मला बघायला आली. बाईच्या कडेवर दात येणारी, किरकिरणारी मुलगी. 'पोरीचा आवाज बंद करा, नाहीतर दुसरी जागा बघा,' असे त्यांच्या घरमालकिणीने सुनावले होते. म्हणून यांना स्वतःचे घर हवे होते. ती आई प्रत्येक कडी लावून बघे, खिडकीचे गज हलवून बघे आणि भिंतींना हाताची पालथी बाजू लावे.

"अगं, घर घ्यायचंय, त्याचा ताप नाही बघायचा," नवरा हसला.

"ते कपाट सरकव."

"फार जड आहे हो ताई," मालक म्हणाले.

"असू दे. सरकव तू."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. खूप दिवसांनी कुणीतरी मला असा हात लावला होता, आणि आता ती जाणार! कपाट सरकले. काळपट डाग पाहून नवऱ्याचा चेहरा पडला. "ओल आहे ही. चल, दुसरं बघू." मालकांना एकाएकी खोकला आला. त्यात मुलीने भोकाड पसरले.

"शू, शू! शेजारी ऐकतील गं," आई तिला थोपटू लागली.

"ऐकलं की!" भिंतीपलीकडून आवाज आला. त्या शेजारच्या काकू, कपडे शिवणाऱ्या. "ओल माझ्याकडेही आहे. वरची पन्हळ तुंबलीय. मी एकटी कशी चढू?"

आई भिंतीजवळ सरकली. "काकू, ही फार रडते हो. रात्रीसुद्धा."

पलीकडची शिलाई मशीनची घरघर थांबली.

"रडू दे गं. ते घर रिकामं झाल्यापासून मी या मशीनशीच बोलतेय."

आईने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतले. मग मालकांकडे वळली. "पन्हळ साफ करून द्या. ही भिंत खरवडून उघडी ठेवा. रंग नको. मग आम्ही घेतो."

आता पानगळ झाली की बाबा शिडीवर चढतात. काकू खालून ओरडतात, "कोपऱ्यात अजून आहे!" आणि आई शिडी घट्ट धरून म्हणते, "पुरे, उतर आता!"

मित्रांनो, आमचे दुखणे कपाटाआड ढकलू नका. जवळ येऊन हात लावा, एवढेच मागणे. माझी ती भिंत अजून पुरती वाळलेली नाही. आई रोज येता-जाता तिला हाताची पालथी बाजू लावते. ताप उतरतो आहे.