महाराजांचा पडदा आणि काळी खिडकी

दुष्काळाचं तिसरं वर्ष. सिडकोतल्या नव्या इमारतीखाली टँकरसाठी हंड्यांची रांग, अन् वर कॉम्प्युटर क्लासमध्ये महाराजांपुढं लॅपटॉपची! कालपरवापर्यंत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा इसम आता यंत्रनाथ महाराज झाला होता. शिकल्यासवरलेल्यांनीच अक्कल गहाण ठेवली, दुसरं काय!

पोरांना इंटरनेटवर खुलं मिळणारं एक सॉफ्टवेअर विंडोजवर स्वतः बांधून दाखवायचं होतं. जमलं तर नोकरी. त्यासाठी लागणारा कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचं चालतं सॉफ्टवेअर करणारा प्रोग्रॅम, सगळ्यांनी बसवला, पण आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत एकच उत्तर येई: कंपायलर सापडत नाही.

"खंडेनवमीला यंत्र पुजलं नाहीत ना? कोपलं!" असं म्हणत महाराज एकेक लॅपटॉप पडद्याआड नेत, अंगारा लावून आणत. अन् काय आश्चर्य, सॉफ्टवेअर तयार!

फुलंब्रीची प्रेरणा म्हणाली, "माझा इथंच, माझ्यासमोर करा."

महाराजांनी तिथंच अंगारा फासला. काही झालं नाही. मग ते थंडपणे म्हणाले, "या मुलीचा हातच अशुभ आहे. यंत्राला फळायचा नाही."

तिच्यासोबत आलेले तिचे वडील सांडू मान खाली घालून उठले. "चल घरी. लई झालं शिक्षण."

प्रेरणा उठली नाही. एक गोष्ट तिनं मघाशीच हेरली होती. पडद्याआडून आलेल्या प्रत्येक लॅपटॉपवरच्या उघड्या खिडक्या बंद झालेल्या असत. तिनं सॉफ्टवेअरसोबत आलेली सूचनांची फाईल उघडली. ती आजवर कुणीच वाचली नव्हती! तिसरीच ओळ होती: कंपायलर बसवल्यावर खिडकी बंद करून नवी उघडा, जुनीला त्याचा ठावठिकाणा कळत नाही.

क्लासमधल्याच हिमांशूचा लॅपटॉप अजून रांगेतच होता. प्रेरणानं त्याची काळी खिडकी बंद केली, नवी उघडली आणि त्याच 'अशुभ' हातानं तीच आज्ञा टाइप केली. दोन मिनिटांत सॉफ्टवेअर तयार.

"अंगारा नाय, पडदा नाय!" ती ओरडली. "हे आत नेऊन लॅपटॉप नुसता बंद-चालू करतात!"

"श्रद्धा ठेव, बाळ," महाराज पुटपुटले. "ही आमचीच कृपा."

सांडू पुढं झाले. "जमलं तर कृपा तुमची, अन् नाय जमलं तर हात माझ्या पोरीचा खराब व्हय?" त्यांनी महाराजांकडं बोट रोखलं. "चारचौघांत बोललात तुम्ही. अन् म्या येडा तिला घरी न्यायला निघालो."

रांग तरीही मोडली नाही. "अंगारा लावून घेतलेला बरा," कुणीतरी म्हणालंच.

बाबांनो, पडद्याआड कुणी चमत्कार करायला लागला, की आधी पडदा बाजूला सारा. अन् लिहिलेलं वाचा. एक ओळ वाचायच्या कंटाळ्यापायी एका पोरीचं शिक्षण सुटत होतं.