मेकॅनिककाकांच्या कार्डावर

बाईंनी आधी दाराकडे बघितलं, मग साहेबांच्या केबिनकडे, आणि कुणाचं लक्ष नाही अशी खात्री झाल्यावर खणातून मेकॅनिककाकांचं कार्ड काढलं. पुस्तकातल्या तारखेच्या चिठ्ठीवर शिक्का मारला. एरवी बाईंचा शिक्का वाचनकक्षाच्या टोकापर्यंत ऐकू जायचा. आज त्यांनी तो नुसता टेकवला, झोपलेल्या बाळाला तीट लावावी तसा. मग पुस्तक पिशवीत, पुस्तकावर डबा, डब्यावर रुमाल.

पुस्तकाचं नाव होतं ‘डेटाबेस प्रोग्रॅमिंग : अगदी नवशिक्यांसाठी’.

आता यात लपवण्यासारखं काय होतं, असं कुणीही विचारील. अठ्ठावीस वर्षं बाई याच ग्रंथालयाच्या काउंटरवर बसत होत्या. शिलाई शिकणारी मुलगी असो की बागेचा नाद लागलेला पेन्शनर, समोर आला की बाई त्याला आपादमस्तक बघायच्या, ‘कुणासाठी हवंय? आधी काही येतं का?’ एवढंच विचारायच्या आणि कपाटातून नेमकं पुस्तक काढून हातात ठेवायच्या. लोक पुस्तक परत करताना म्हणायचे, ‘बाई, अगदी माझ्यासाठीच लिहिलं होतं हो!’ अशा बाईंना आता स्वतःसाठी पुस्तक सापडत नव्हतं, आणि ते कुणाला सांगायची लाज वाटत होती.

याची सुरुवात झाली दोन शब्दांनी. ग्रंथालयाच्या सगळ्या नोंदी संगणकात गेल्या तेव्हा एक दिवसाचं प्रशिक्षण झालं होतं. शिकवणारा पडद्यावर भराभर पुढे जात होता, सगळे माना डोलवत होते, म्हणून बाईंनीही डोलावली. शेवटी नव्या साहेबांनी विचारलं, ‘‘ठरलेल्या याद्या आपोआप निघतील. पण वेगळी यादी हवी असेल तर क्वेरी लिहावी लागते. येते का कुणाला?’’ साहेबांची नजर सगळ्यांवरून फिरली आणि बाईंच्या पांढऱ्या केसांवरून न थांबता पुढे सरकली. ते बाईंना सोसलं नाही. ‘‘येते थोडीफार,’’ त्या म्हणाल्या.

क्वेरी म्हणजे नोंदींच्या साठ्याला त्याच्या भाषेत विचारलेला प्रश्न, हे त्यांना पुढे दोन आठवड्यांनी कळलं. तोवर साहेबांनी काम सोपवूनही टाकलं होतं. ‘‘वार्षिक तपासणीच्या आधी, पुस्तकं फार दिवस अडकवून बसलेल्या वाचकांची यादी हवी. तुम्हाला येतंच आहे, तर तुम्हीच करा.’’ हात दगडाखाली सापडला तो असा.

बाईंनी आधी परगावी असलेल्या लेकीला फोन केला. लेक अशाच कामात होती.

‘‘अगं आई, त्यात काय! अगदी सोपं असतं. नेटवर हजार व्हिडिओ आहेत, कुठलाही बघ.’’

‘‘पण त्यातला कुठला?’’

‘‘कुठलाही गं. बरं, मीटिंग आहे, रात्री बोलते.’’

हजार पुस्तकांतलं कुठलंही वाच, असं बाईंनी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. तरी त्यांनी लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ लावले. पहिल्यातला मुलगा ‘नमस्कार, आज अगदी शून्यापासून’ म्हणाला आणि तिसऱ्या मिनिटाला ‘हे तर तुम्हाला माहीतच आहे’ म्हणाला. दुसऱ्यातली मुलगी इतकी गोड हसत होती, की आपल्याला कळत नाही हे बाईंना तिच्यासमोरही कबूल करवेना. म्हणून शेवटी त्या आपल्या कपाटांकडे वळल्या.

तिथे दुसरीच पंचाईत. कर्मचाऱ्यांनी नेलेल्या पुस्तकांच्या वहीवर दर शनिवारी साहेब सही करायचे. बाईंच्या नावापुढे ‘अगदी नवशिक्यांसाठी’ वाचून त्यांच्या भुवया कशा वर जातील, ते बाईंना डोळ्यांसमोर दिसत होतं. आणि नोंद न करता पुस्तक बाहेर न्यायचं, तर ते अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या हातून झालं नव्हतं. तेवढ्या सचोटीला जागून त्यांनी मेकॅनिककाकांच्या नावावर नोंद केली. माणूस स्वतःची समजूत कशी घालतो बघा.

मेकॅनिककाका म्हणजे पाण्याच्या पंपांचे जुने मेकॅनिक. निवृत्त झाल्यापासून रोज दहाला येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बारापर्यंत पेपर वाचायचे. घरी सून, दोन नातवंडं आणि दीड खोली. ही खुर्ची म्हणजे त्यांची हक्काची जागा. पुस्तकं ते नेत नसत. पहिल्याच वर्षी आपली दोन्ही कार्डं त्यांनी बाईंच्या पुढ्यात ठेवली होती. ‘‘ताई, ही तुमच्याकडेच राहू द्या. माझ्या खिशात राहिली तर धुण्यात जातील.’’ तेव्हापासून कार्डं बाईंच्या खणात होती.

‘अगदी नवशिक्यांसाठी’च्या पहिल्याच पानावर ‘वाचकाला संगणकाची एखादी भाषा अवगत आहे असे गृहीत धरले आहे’ असं छापलेलं होतं. दुसऱ्या पुस्तकात इतके जड शब्द होते, की त्यापेक्षा मूळ इंग्रजी परवडलं असतं. तिसऱ्यात चित्रंच चित्रं, आणि पानापानावर ‘घाबरू नका’. वाचून बाई जास्तच घाबरल्या. स्वयंपाकघरात ओट्याजवळ लॅपटॉप ठेवून त्या चार ओळी लिहायच्या, आणि यंत्र उत्तरादाखल लाल अक्षरांत चुका काढायचं. वर्गात बाकावर उभं केल्यासारखं वाटायचं.

एके दिवशी त्यांनी काकांना आडून विचारलं, ‘‘काका, नवा पंप आला की त्याचं माहितीचं पुस्तक चांगलं की वाईट, कसं ओळखायचात?’’

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘‘सोप्पंय, ताई. आधी बंद कसा करायचा ते सांगितलंय का बघायचं. चालू करायला कुणीही शिकवतो हो. पण जो पहिल्या पानावर बंद करायला शिकवतो ना, त्याने नवा माणूस पाहिलेला असतो. त्याची भीती त्याला ठाऊक असते.’’ मग हसून म्हणाले, ‘‘का? घरी पंप घेतलात की काय?’’

‘‘सहज विचारलं,’’ बाई म्हणाल्या, आणि घाईने शाईचा पॅड उघडून बसल्या.

त्या दुपारी बाईंनी त्या विषयाची सगळी पुस्तकं खाली काढली आणि एकेकाचं फक्त पहिलं प्रकरण चाळलं. अकरा पुस्तकांत एकच निघालं. बारीकसं, कुणा शाळामास्तरांनी लिहिलेलं, कडा पिवळ्या पडलेलं. पहिल्या प्रकरणाचं नाव होतं ‘चुकलात तर परत कसे याल’. काही बदललं तरी कायम करण्याची आज्ञा देईपर्यंत मागे फिरता येतं, मागे फिरायची आज्ञा ही, ती आधी दहा वेळा लिहा, मग पुढचं पान उलटा, असं मास्तरांनी बजावलं होतं. बाईंनी दहा वेळा लिहिली. आणि दुसऱ्या प्रकरणात ‘तक्ता म्हणजे कार्डांचा खण समजा, ओळ म्हणजे एक कार्ड’ हे वाक्य वाचलं, तेव्हा त्यांनी ते पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं. खण तर त्यांना पाठ होते!

हे पुस्तक काकांच्या दुसऱ्या कार्डावर गेलं; पहिल्यावर ‘अगदी नवशिक्यांसाठी’ अजून होतंच. पंधरा दिवसांची मुदत संपली. मुदत वाढवायची तर पुन्हा ते कार्ड खणातून काढायचं, पुन्हा दाराकडे बघायचं. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता साडेतीन महिने गेले. दुसऱ्यांना स्मरणपत्रं बाईच लिहायच्या. काकांना मात्र अर्थातच गेलं नाही.

आणि एका सकाळी यादी निघाली. बाईंनी स्वतः लिहिलेल्या सात ओळींना यंत्राने एकही लाल अक्षर न दाखवता उत्तर दिलं. तीनशे सहा नावं, ज्याच्याकडे पुस्तक सर्वांत जास्त दिवस तो सर्वांत वर. बाईंना इतका आनंद झाला, की नावं वाचायचं भानच राहिलं नाही. छपाई झालेला कागद गरम होता तसाच त्यांनी साहेबांच्या हातात दिला.

‘‘वा बाई! मला वाटलं होतं, तुम्हाला जड जाईल.’’ साहेबांनी पहिली ओळ वाचली आणि मान वर केली. ‘‘हे तर आपले खिडकीतले काका.’’

बाईंनी पहिली ओळ आत्ता वाचली. त्या ‘थांबा’ म्हणेपर्यंत साहेब वाचनकक्षात पोचले होते. म्हणेपर्यंत तरी कसलं, त्या म्हणाल्याच नाहीत.

‘‘काका, तुमच्याकडे दोन पुस्तकं आहेत. साडेतीन महिने झाले,’’ साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, आवाज मुद्दाम बेताचा ठेवला होता. पण वाचनकक्षात बेताचा आवाजही सगळ्यांना ऐकू जातो. ‘‘डेटाबेस प्रोग्रॅमिंगची.’’

दोन-चार पेपर खाली झाले. कुणीतरी खुसखुसलं. ‘‘काका, आता या वयात नोकरी बदलताय की काय?’’ पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, आणि मग सगळेच मोकळेपणाने हसले.

काकांना आधी काही समजलं नाही. त्यांनी कागदावरचं आपलं नाव पाहिलं. मग काउंटरकडे पाहिलं. तिथे खण होता, खणात कार्डं होती, आणि खणापाशी बाई उभ्या होत्या. क्षणभरच पाहिलं त्यांनी.

‘‘असतील,’’ ते म्हणाले. ‘‘शिकतोय थोडं थोडं. घरी बघतो.’’

‘‘पुस्तकं येईपर्यंत कार्डं बंद ठेवावी लागतील. आणि वाचनकक्षही चालू कार्डवाल्यांसाठीच असतो. नियम आहे काका, माझा नाइलाज आहे.’’

‘‘बरोबर आहे. नियम तो नियम.’’ काकांनी पेपर घडीवर घडी घालून नीट दुमडला, दांडीला लावला आणि निघाले. बाईंना बोलायला पंधरा पावलांचा वेळ होता. काउंटरपाशी आल्यावर काका थांबलेसुद्धा. ‘‘पेपर जागेवर ठेवलाय,’’ एवढंच म्हणाले. बाईंनी शाईचा पॅड उघडला, पुन्हा मिटला. आपलं तोंड आपलंच आहे ना, असं त्यांना वाटलं, इतकं ते उघडेना.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले, सव्वादहा झाले. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. साडेदहाला एक विद्यार्थी तिथे बसायला गेला, तेव्हा बाई विनाकारण त्याच्यावर खेकसल्या.

मग त्या संगणकासमोर बसल्या. आता त्यांना येत होतं, हीच तर मोठी शिक्षा होती. एक ओळ लिहिली की पुस्तकं जमा झाल्याचं दिसलं असतं. काकांचं कार्ड चालू झालं असतं, साहेबांना पत्ता लागला नसता. बाईंनी ती ओळ लिहिलीसुद्धा. यंत्राने मुकाट ऐकलं. बाई स्क्रीनकडे बघत राहिल्या, आणि मग मास्तरांनी दहा वेळा लिहायला लावलेली आज्ञा लिहून मागे फिरल्या.

नंतर त्यांनी दुसरी ओळ लिहिली. त्याच तारखा, तीच पुस्तकं, फक्त काकांच्या क्रमांकाच्या जागी स्वतःचा. हा बदल त्यांनी कायम केला. यादी पुन्हा छापली. सगळ्यांत वर आता त्यांचं नाव होतं.

साहेबांनी कागद वाचला, बाईंनी टेबलावर ठेवलेली दोन पुस्तकं पाहिली, त्यातल्या एकाचं नाव पाहिलं. भुवया वर गेल्या नाहीत. गेल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

‘‘मला विचारायचं होतंत बाई. मी शिकवलं असतं.’’

‘‘हो,’’ बाई म्हणाल्या. ‘‘लाज वाटली.’’

‘‘आणि काल?’’

बाईंनी दोन्ही पुस्तकं उचलली आणि जमा करायला काउंटरवर नेली.

संध्याकाळी त्या दोन्ही कार्डं घेऊन काकांच्या घरी गेल्या. दारातच नातवंडांच्या चपलांचा ढीग होता. आत बसायला एकच खुर्ची, ती सुनेने पुसून बाईंना दिली. काका पलंगाच्या कडेवर बसले. बाईंनी सगळं सांगितलं. वाचनकक्षात उद्या सगळ्यांसमोर सांगते, असंही म्हणाल्या.

‘‘नको हो, कशाला? दोघांचं हसं कशाला करायचं?’’ काका म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं. ‘‘पण शिकलात का?’’

‘‘शिकले.’’

‘‘आधी बंद करायचं?’’

‘‘आधी तेच.’’ बाईंचे डोळे भरून आले. ‘‘काका, तुम्हाला लोक हसले...’’

‘‘हसू द्या की. पंपाच्या खड्ड्यात पडलोय, गटारात पडलोय, माझ्यावर लोक काय कमी हसलेत?’’ त्यांनी नातीची पेन्सिल पलंगावरून उचलून बाजूला ठेवली. ‘‘तुम्ही तिथेच उभ्या होता, तेवढं मात्र लागलं.’’

सुनेने पाणी आणलं. बाईंनी ते प्यायलं, कार्डं पलंगावर ठेवली आणि उठल्या. ‘राहू द्या तुमच्याकडेच’ असं काका म्हणतील म्हणून त्या दारात उगीच चप्पल शोधत थांबल्या. काकांनी कार्डं उचलली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला काका आले. पण सरळ खिडकीकडे गेले नाहीत. काउंटरपाशी थांबले. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून जपून ठेवलेली दोन्ही कार्डं त्यांनी खिशातून काढली आणि बाईंच्या पुढ्यात शेजारी शेजारी मांडली.

‘‘चालू आहेत ना? बघून घ्या, मॅडम,’’ ते म्हणाले.

बाईंनी बघितली. ‘‘चालू आहेत,’’ त्या म्हणाल्या.

काकांनी कार्डं पुन्हा पिशवीत घातली, पिशवीची घडी केली, आणि ते पेपर घ्यायला गेले.