कोपर जितेशचं, दोष शिट्टीचा

मी एक शिट्टी. पितळेची, पोटात बुचाची छोटी गोळी असलेली. फुंकर बसली की ती गोळी गरगरते, माझा आवाज फुटतो आणि पळणारे दहा खेळाडू जागच्या जागी थांबतात. निदान थांबायला हवेत.

माझे पहिले मालक विष्णुपंत. अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी, आणि संध्याकाळी कॉलनीतल्या सिमेंटच्या कोर्टवर बास्केटबॉलचे पंच. एकदा त्यांच्याच साहेबांचा मुलगा सारखा दुसऱ्यांच्या पायात पाय घालत होता. विष्णुपंतांनी मला वाजवलं आणि त्याला बाहेर काढलं. साहेब सामना संपेपर्यंत खुर्चीत गप्प बसून राहिले. मला वाटलं, काय माझ्या आवाजाची ताकद! ताकद वाजवणाऱ्याच्या छातीत असते, हे कळायला मला बराच वेळ लागला.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मला यशोधराच्या गळ्यात घातलं. चिखलोलीची यशोधरा बदलापूरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. पंचगिरी ती विष्णुपंतांकडेच शिकली होती.

"वाजवताना समोर कोण आहे ते बघायचं नाही," ते म्हणाले. "त्याने काय केलं, तेवढंच बघायचं."

"हो सर," ती म्हणाली. तिला ते शब्दशः खरं वाटलं. तिथेच घोळ झाला.

मग अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या तिन्ही शहरांची व्यावसायिक लीग सुरू झाली. संघांना मालक आले, खेळाडूंना करार आले. उल्हासनगरातल्या हॉलमध्ये लाकडी कोर्ट, डोळे दिपवणारे दिवे आणि कान फोडणारे स्पीकर. शिस्तपालन समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष विष्णुपंत. यशोधराला केवढा आनंद झाला! बाकीचे पंच प्लास्टिकच्या नव्या शिट्ट्या वापरायचे. तिने मला सोडलं नाही.

लीगचा लाडका होता जितेश. उल्हासनगरच्या कॅम्प तीनच्या बाजारात जीन्सच्या दुकानांवर त्याचे दात दाखवत हसणारे मोठाले फोटो. खेळायचा सुंदर, मी खोटं कशाला बोलू? पण त्याला अडवलं की तो शिव्या द्यायचा, चेंडू समोरच्याच्या अंगावर फेकायचा. इतर पंचांच्या शिट्ट्या अशा वेळी नेमक्या ओठांपासून दूर असायच्या. यशोधराने फाउल दिला की तो हात जोडून, कमरेत वाकून म्हणायचा, "सॉरी हां, टीचर." प्रेक्षक हसायचे. ती हसायची नाही, म्हणून तिला खडूस म्हणायचे.

उपांत्य सामन्यात बदलापूरच्या सुजितने त्याला जखडून ठेवलं. सुजित जांभूळ गावचा, शेतकऱ्याघरचा, पहिलाच मोसम. तोंडातून शब्द नाही, पण सावलीसारखा मागे. जितेशला बास्केटच दिसेना. शेवटी त्याने चेंडू सोडला, वळून पाहिलं आणि कोपर हाणलं. सुजितच्या जबड्याचा आवाज मी ऐकला. चुकून लागलेलं कोपर आणि बघून मारलेलं कोपर यातला फरक त्या हॉलमधल्या प्रत्येकाला कळला होता.

यशोधराने मला जीव खाऊन फुंकलं. "बाहेर!"

"ए मॅडम, दिखता नहीं क्या? तोच मध्ये आला ना!"

"मी बघितलंय. बाहेर जा."

जितेशने माझी दोरी पकडून हिसका दिला. दोरी तिच्या मानेला कापत तुटली. त्याने मला कोर्टवर आपटलं. माझ्या कडेला पोचा आला.

जितेशचे संघमालक हरिचंद्र शेठ धावत आत आले. "मॅडम, समजून घ्या. पब्लिक त्याला बघायला आलीय. फायनल आहे पुढे."

यशोधरा खाली वाकली, मला उचललं, काळजीने शर्टाला पुसलं आणि पुन्हा फुंकलं. माझा आवाज घोगरा निघाला. तरी जितेश गेला.

दोन दिवसांनी समितीची बैठक झाली. मी टेबलावर होते, पुरावा म्हणून. जितेशने पाठ केलेली माफी म्हटली, "जोशमध्ये झालं, सर." विष्णुपंतांनी चष्मा काढून पुसला. मग निकाल सांगितला. कोपर खेळाच्या ओघात लागलं. जितेशला ताकीद, अंतिम सामना खेळता येईल. पंचांना परिस्थिती शांतपणे हाताळता आली नाही, त्यांना या मोसमात विश्रांती.

यशोधराचा आवाज चढला नाही. "सर, त्याचा जबडा तारेने बांधलाय. पातळ पेजेवर आहे तो. तुम्ही साहेबांच्या मुलाला बाहेर काढलं होतंत ना?"

"तेव्हा सामन्यानंतर चहा मिळायचा, यशोधरा. आता लोक तिकीट काढून येतात."

"मग समिती कशाला आहे?"

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पोचा फार आलाय गं. नवीन घे." तेव्हा मला इतकी चीड आली, की कुणी न फुंकताच वाजावंसं वाटलं.

अंतिम सामना जितेशने जिंकून दिला. बक्षीस समारंभात विष्णुपंतांनी खिलाडूवृत्तीवर भाषण केलं.

पुढच्या मोसमात सुजित परतला. यशोधराला पंच म्हणून बोलावणं आलं नव्हतं, तरी ती मुद्दाम बघायला गेली, प्रेक्षकांत बसली. मी तिच्या पर्समध्ये. सुजितला अडवायला एक नवखा खेळाडू आला. सुजितने मागे वळून नीट पाहिलं आणि कोपर हाणलं. तो नवखा नाक धरून खाली बसला. पंचांनी खेळ चालू ठेवला. टाळ्या पडल्या. यशोधराचा हात पर्समध्ये शिरला, त्याने मला घट्ट पकडलं आणि तो तसाच थांबला. प्रेक्षकांतल्या शिट्टीवर कोण थांबणार?

सामन्यानंतर सुजित तिला शोधत आला. चेहरा उजळलेला. "मॅडम, बघितलंत ना? आता मला कोणी हात लावत नाही."

"बघितलं," ती म्हणाली.

आता मी शाळेतल्या खेळसाहित्याच्या कपाटात असते. शेजारी हवा गेलेले चेंडू, तुटलेल्या रॅकेटी. कवायतीला तिने प्लास्टिकची शिट्टी घेतलीय. बुचाची गोळी माझ्या पोटात अडकून बसलीय, हलत नाही.

जाता जाता लीगवाल्यांना एकच सांगते. माणूस बघूनच शिट्टी वाजवायची की नाही ते ठरवायचं असेल, तर पंचांच्या गळ्यात आम्हाला अडकवू नका. एक भोंगा लावा. खेळ सुरू झाला आणि खेळ संपला, एवढं तो सांगेल. मधल्या वेळात कोण कुणाचा जबडा फोडतंय, याच्याशी भोंग्याला काही देणंघेणं नसतं.