हात उचलला त्या दिवशी

पिंपळवंडीत सुभाषची पिठाची गिरणी आहे. गिरणीला लागूनच घर. घरात तो, त्याची बायको साधना आणि धाकटी बहीण उज्ज्वला. उज्ज्वलाला कळंबला दिली होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिला आवाज ऐकू यायला लागले. सासरच्यांनी अंगारे-धुपारे करून पाहिले आणि एक दिवस बॅगेसकट तिला गिरणीच्या ओट्यावर आणून सोडलं. त्याला आता चौदा वर्षं झाली.

जुन्नरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. सकाळ-संध्याकाळ गोळ्या लिहून दिल्या. गोळी लिहून देणं सोपं. उज्ज्वलाला वाटायचं, जेवणात, पाण्यात कुणीतरी विष कालवतंय. म्हणून प्रत्येक तांब्यातलं पाणी आधी सुभाषनं प्यायचं, मग तिनं. गोळी ती जिभेखाली दडवायची आणि मोरीत थुंकायची. मग "आ कर. जीभ वर कर," असं म्हणत तो समोर उभा राहायचा. दिवसातून दोनदा. लग्नाला जायचं असलं तरी संध्याकाळच्या गोळीच्या आत परत. पुढेपुढे त्यानं लग्नांना जाणंच सोडलं. साधनाही घोडेगावला माहेरी शेवटची गेली, त्याला चार वर्षं होऊन गेली होती. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. सुभाषनंही विचारलं नाही.

श्रावण संपता संपता ती गोष्ट घडली. सकाळपासून लाईट नव्हती. अकराला आली तेव्हा गिरणीपुढं डब्यांची रांग लागलेली. सुभाष एकटाच. जात्याच्या आवाजात कुणाचं काही ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात उज्ज्वला घरातून पाण्याची बादली घेऊन आली आणि तिनं ती रांगेतल्या अंबाबाईच्या बाजरीच्या डब्यात ओतली.

"विष हाय त्यात!" ती ओरडत होती. "खाऊ नका कुणी!"

सुभाष गिरणीवरून खाली उतरला आणि त्यानं तिच्या थोबाडीत मारली. एक नाही, दोन. तिच्या गालावर पिठाचा पंजा उमटला. ती गप झाली. मग रांगेत मागून कुणीतरी म्हणालं, "बरं केलं. आशीच सरळ व्हतात ही."

आपण मारलं याच्यापेक्षा हे वाक्य सुभाषला जास्त लागलं. चौदा वर्षांत गावातल्या कुणी त्याला बरं केलं म्हणालं नव्हतं. म्हणालं ते यासाठी. अंबाबाईला त्यानं घरातली बाजरी दिली, गिरणी बंद केली आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

त्या दिवसापासून उज्ज्वलानं सुभाषसमोर तोंड उघडलं नाही. ना गोळीला, ना त्याच्याशी बोलायला. साधनाच्या हातचं थोडंफार खायची.

चौथ्या दिवशी तो एसटीनं जुन्नरला गेला. दवाखान्यात डॉक्टरांना भेटायच्या आधी हर्षाली मॅडमकडं बसावं लागे. पेशंटशी आणि घरच्यांशी बोलायचं त्यांचं काम. सुभाष एरवी दोन मिनिटांत उठायचा.

"ताई नाही आल्या?" त्यांनी विचारलं.

"न्हाय. गोळ्या लिवून द्या फक्त."

"झोप लागते का त्यांना?"

"मॅडम, मी मारलं तिला."

हर्षाली मॅडमनी पेन खाली ठेवलं. सुभाषला वाटलं, आता पोलिसांचं नाव काढतील. त्या म्हणाल्या, "पुन्हा हात उचलायचा नाही, भाऊ. हे मी आत्ताच स्पष्ट सांगते. आता मला सांगा, तुम्हाला झोप लागते का?"

हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो पायाच्या बोटांकडं बघत बसला.

"घरात अजून कोण बघतं ताईंचं?"

"बायको हाय. भाऊ हाय धाकटा, चाकणला. कंपनीत."

"तो काय करतो?"

"फोन करतो," सुभाष म्हणाला.

मॅडमनी डॉक्टरांना आत जाऊन सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, रोजच्या गोळ्यांऐवजी महिन्याला एक इंजेक्शन देता येईल, पण उज्ज्वलाला घेऊन या, तिला विचारूनच देऊ. आणि मॅडमनी येत्या शनिवारी यायला सांगितलं. अशा पेशंटच्या घरची माणसं तेव्हा एकत्र बसत.

शनिवारी सात-आठ जण होते. सुभाष दाराजवळ बसला. राजूरकडची एक म्हातारी, प्रयागबाई, मुलाबद्दल बोलत होती. "परवा मी देवाला म्हणले, माझ्या आधी याला घेऊन जा. आई आसून म्हणले." खोलीतलं कुणी तिला असं बोलू नये म्हणालं नाही. एकानं नुसती मान हलवली. परतताना एसटीत सुभाषला दोनदा डोळे पुसावे लागले.

घरी आल्यावर तो उज्ज्वलापाशी जाऊन बसला. ती शेंगा फोडत होती.

"उज्जे, मी चुकलो. मारायला नको व्हतं."

तिनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, "ते आवाज मला रोज सांगायचे, दादा मारणार तुला. मी म्हणायचे, दादा न्हाय मारायचा. लई भांडले मी त्यांच्याशी."

सुभाष तिच्या शेजारी शेंगा फोडायला लागला. पाच वाजता साधनानं पाणी आणलं. त्यानं एक घोट घेऊन तांब्या पुढं केला. उज्ज्वलानं तो घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र घेतला.

कुशाबाला, म्हणजे चाकणच्या भावाला, फोन लावला तेव्हा तो म्हणाला, "दादा, इकडं डबल शिफ्ट चाललीया. दिवाळीला बघू." साधनानं नवऱ्याच्या हातातून फोन घेतला.

"भावजी, चार वरसं मी आईला भेटली न्हाई. ती आता मला वळखत न्हाई म्हणत्यात. शुक्रवारी या तुमी. या म्हंजे या."

कुशाबा आला. सुभाष आणि साधना पाच दिवसांसाठी घोडेगावला गेले. पहिल्या दिवशी सुभाष जेवून जो झोपला तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. साधना आईच्या पायाशी बसून राहिली. आईनं तिला ओळखलं नाही, पण तिचा हात सोडलाही नाही. तिसऱ्या दिवशी कुशाबाचा फोन आला, "दादा, मला न्हाय व्हत. या तुमी." ते परतले. कुशाबा दाढी वाढलेला, ओट्यावर बसून होता. जाताना त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला. आता तो महिन्यातला एक रविवार येतो. एखादा चुकवतो.

इंजेक्शनला उज्ज्वला दोन फेऱ्यांनंतर हो म्हणाली. आवाज गेले नाहीत, थोडे लांब गेलेत, असं ती सांगते. सुभाष अजून दमलेलाच असतो. परवा जुन्नरला जाताना एसटीत बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. स्टँड आलं, माणसं उतरू लागली, तरी त्याला जाग नाही. उज्ज्वलानं त्याचा दंड हलवला.

"दादा, ऊठ. आलं जुन्नर."