तारांची उंची

साध्या गिटारला सहा तारा असतात आणि बासला चार. दोन तारा कमी असून बास महाग का पडतो, हे मी लग्न झाल्या झाल्या अंकुशला विचारलं होतं. त्यावर तो जे बोलायला लागला, ते माझा स्वयंपाक होऊन भांडी घासून झाली तरी संपलं नाही. तेव्हापासून मी बासबद्दल काही विचारणं सोडून दिलं. पण विचारलं नाही तरी कानावर पडायचंच. आमच्या पडवीत अर्धी जागा माझ्या शिलाई मशीनची आणि अर्धी त्याच्या बासची.

अंकुश माझा नवरा. नागभीडच्या प्रफुलभाऊंच्या ऑर्केस्ट्रात तो बास वाजवायचा. लग्न असो, गणपती असो, भीमजयंती असो, मंडप पडला की हे हजर. लोकांना गाणारी दिसते, ढोलकीवाला दिसतो, बासवाला मागे अंधारात उभा. पण तो थांबला की गाणं पोकळ होतं आणि नाचणाऱ्यांचे पाय चुकतात. हे मला लग्नाआधी माझ्या मावसबहिणीच्या वरातीत नाचतानाच कळलं होतं. त्यावरच भाळले मी. नाहीतर तलावात मासे धरणाऱ्यांच्या घरी येण्याची मला काही हौस नव्हती.

बास त्यानं नागपूरहून जुना आणला होता. आणल्या दिवशीच तो सगळा खोलून खाटेवर पसरून ठेवला. मी म्हटलं, गेला आता. पण त्यानं तो पुन्हा जोडला आणि पहिल्यापेक्षा बरा वाजवला. दांड्याच्या पोटात एक लोखंडी सळई असते, तिला किल्ली लावून पिळलं की वाकलेला दांडा सरळ होतो. पावसाळ्यात दांडा फुगतो, उन्हाळ्यात सुकतो, त्यामुळे वर्षातून दोनदा तो ती किल्ली घेऊन बसायचा. तारांचा आवाज मेला की माझ्या वरणाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी घालून तारा उकळायचा. म्हणे मळ निघतो, आवाज परत येतो. आवाज यायचाही परत. वरणाला मात्र दोन दिवस लोखंडाचा वास. मी बोंबलायचे, तो हसायचा. असं आमचं चाललं होतं आणि बरं चाललं होतं.

मागच्या धानकापणीच्या सुमाराला तो पहिल्यांदा म्हणाला, "रोशनी, तारा जड लागून राह्यल्या."

"मंग तुमी हलके झाले असान," मी मशीनवरून म्हटलं.

त्यानं तारा खाली घेतल्या. तारा दांड्यापासून जितक्या उंच, तितकं बोटांना दाबायला जोर लागतो. खाली घेतल्या की काम हलकं होतं. थोडे दिवस बरे गेले. मग पुन्हा जड. पुन्हा खाली. इतक्या खाली की त्या दांड्यावरच्या पितळी पट्ट्यांना घासून करकर वाजायला लागल्या. मग कानस घेऊन पट्ट्या घासल्या. मग बारीक तारा मागवल्या. डाव्या हाताची करंगळी वेळेवर पोचत नाही म्हणून तिला शिव्या घालायचा, उजव्या हातानं टपली मारायचा. मी म्हणायचे, आळशी माणसाची करंगळीही आळशी.

प्रफुलभाऊ एकदा घरी येऊन गेले. चहा घेता घेता म्हणाले, "अंकुश, तुया सूर अर्धा लागून राह्यला बे. दाबत नाईस का तार?"

"दांडा वाकला हाये, भाऊ. करून राह्यलो दुरुस्त."

दांडा वाकला नव्हता. मी त्याच्याजवळच बसून फूटपट्टी धरून दिली होती, पट्टीखालून उजेड दिसत नव्हता. पण त्याला दांडाच वाकलेला हवा होता.

त्याच दिवसांत आमच्या गावची आशा सेविका दीपाली सर्वे करत दारात आली. कुष्ठरोग शोधायचा सर्वे होता. अंगावर चट्टा आहे का, हातापायाला बधिरपण आहे का, असं घरोघर विचारत होती. अंकुश पडवीत कानस चालवत होता. तो म्हणाला, "मले एकच रोग, दीपालीताई, बासचा." ती हसली, मीही हसले. ओट्यावर माझे सासरे, मनसाराम मामाजी, जाळं विणत बसले होते. ते हसले नाहीत. "आमच्या घरी तसलं काई नाई, बाई," ते म्हणाले. "पुढच्या घरी जा." दीपाली गेली.

आणि मग एक नवल झालं. मामाजींनी त्या बासला कधी बास म्हटलं नव्हतं, ते त्याला 'ते लाकूड' म्हणायचे. मासे धरायचे सोडून पोरगा लाकूड खाजवतो, असं साऱ्या गावाला सांगत फिरायचे. तेच मामाजी एक दिवस आपलं नवं मोठं जाळं विकून आले आणि पैसे अंकुशच्या हातात ठेवून म्हणाले, "लहान दांड्याचा भेटते म्हनत होतास ना? बोटं कमी तानाव लागतात म्हनून? घे तो."

मला भरून आलं. म्हाताऱ्याला उशिरा का होईना लेकाच्या हाताची किंमत कळली, असं वाटलं. त्या दिवशी मी त्यांच्या आवडीचा झिंगा सुकवट केला.

छोटा बास आला. निळा, हलका, आखूड. अंकुश लहान पोरासारखा घरभर फिरला. पण महिना उलटला नाही तोच त्याची तीच तक्रार. मग त्यानं पक्कड घेतली आणि नव्याकोऱ्या दांड्यावरच्या साऱ्या पट्ट्या उपटून काढल्या, खाचा सुताराच्या लांबीनं बुजवल्या. पट्टीच नाही तर करकर नाही. मी डोक्याला हात लावला. जाळं गेलं, पट्ट्या गेल्या, आता राहिलं काय? तो म्हणाला, "आवाज अजून बारीक येऊन राह्यला. आतलं पिकअप बदलतो, मंग पाय."

पिकअप म्हणजे तारांखालची ती पेटी, जी आवाज उचलून वायरीत घालते. ते बदलायला वायरींना डाक द्यावा लागतो, म्हणजे कथील वितळवून त्या जोडाव्या लागतात. तो दुपारी पडवीत बसला, डाक द्यायची विजेवर तापलेली सळई उजव्या हातात, डाव्या हातात वायर. मी माझ्या मशीनवर एका ब्लाउजला बाही लावत होते. वास आला. आधी वाटलं, चुलीवर मासा करपला. चुलीवर काही नव्हतं.

मी मान वळवली. ती सळई त्यानं खाली टेकवली होती आणि तिच्या तापलेल्या दांडीवर त्याच्याच डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट निवांत पडलं होतं. बोटाखालून धूर निघत होता. तो गुणगुणत होता. डोळे वायरीवर होते.

"हात! अहो, हात काढा!"

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग हाताकडे. ओरडला नाही. हात उचलून समोर धरला आणि कोणी दुसऱ्यानं विसरून ठेवलेली वस्तू पाहावी तसा पाहत राहिला. कातडी पांढरी पडली होती, मध्ये काळी. "दुखत नाई," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "रोशनी, दुखत नाई." ते म्हणताना त्याचा आवाज इतका घाबरलेला होता की मला आजही तो ऐकू येतो.

नागभीडच्या दवाखान्यातून आम्हाला चंद्रपूरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी अंकुशला डोळे मिटायला सांगितले आणि कापसानं हाताला स्पर्श करत म्हणाल्या, जिथं कळेल तिथं बोट दाखवा. अंगठ्याजवळ त्यानं दाखवलं. करंगळीकडे कापूस फिरत राहिला आणि तो डोळे मिटून वाट बघत बसला. मग त्यांनी त्याच्या कोपरामागे दाबलं. तिथली शीर सुजून कातडीखाली दोरीएवढी झाली होती. दंडामागे एक फिकट चट्टाही होता, जो आम्ही गजकर्ण समजत होतो.

"बोटांतला जोर कमी कधीपासून झाला?" त्यांनी विचारलं.

"वर्ष झालं असंल."

डॉक्टरबाईंनी ते कागदावर लिहिलं. मग म्हणाल्या, "हा कुष्ठरोग आहे. तो बरा होतो, गोळ्या घेतल्या की पूर्ण बरा होतो आणि घरात कोणाला धोकाही राहत नाही. पण शिरेचं जे नुकसान झालं आहे... सहा महिन्यांच्या आत आला असतात तर ती सूज औषधानं उतरवता आली असती. आता ही दोन बोटं पुढे वाकतील. ऑपरेशननं सरळ करता येतात कधीकधी. संवेदना परत येईल, असं मी सांगणार नाही."

"बास वाजवता येईन?" अंकुशनं विचारलं.

त्यांनी बास म्हणजे काय ते विचारलं. त्यानं सांगितलं. त्या त्याच्या हाताची पट्टी पुन्हा नीट बांधायला लागल्या. त्यातच आम्हाला कळलं.

परतीच्या गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. मी हिशेब करत होते, तारा कधी खाली आल्या, पट्ट्या कधी घासल्या, छोटा बास कधी आला. आम्ही वर्षभर बास दुरुस्त करत होतो आणि बासला काही झालंच नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा मामाजी ओट्यावर बसले होते. आम्ही चपलासुद्धा काढल्या नव्हत्या, कोणाला एक शब्द सांगितला नव्हता. त्यांनी विचारलं, "कोपराची शीर जाड झाली म्हनते का डाक्टर?"

मी जागच्या जागी थांबले. "तुमाले कसं माहीत, मामाजी?"

"लच्छूची तशीच होती."

लच्छू हा मामाजींचा धाकटा भाऊ. तो लहानपणीच तापानं गेला, असं मला सांगितलं होतं.

"तापानं नाई गेला," मामाजी म्हणाले. "अंकुशएवढाच होता. त्याचीबी करंगळी आधी गेली. गावानं त्याले तलावाच्या पारीवर, गावाबाहेर बांधावर, झोपडी बांधून देल्ली. मी भात नेऊन दुरून ठेवो, तो मी गेल्यावर घे. एक दिस भात तसाच राह्यला. दुसऱ्या दिसीबी तसाच." ते खाली बघत होते. "पोराची करंगळी पाह्यली तवाच समजलं मले. म्हनलं, हलका बास घेऊन देतो. हात चालत राह्यला तं कोनाची नजर नाई जानार. याले कोनी पारीवर नाई टाकलं पायजे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सासऱ्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "वर्षभर पाह्यत राह्यले तुमी? त्या दीपालीले दारातून वापस लावलं! जाळं इकून तुमी याचा हात इकला, मामाजी!" मी अजूनही बरंच बोलले. शेजारची कमळा भिंतीआड उभी राहून ऐकत होती, तिलाही ऐकू दिलं.

अंकुश मात्र रागावला नाही. तो बापासमोर उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "बाबा, गोळ्या फुकट भेटतात. नागभीडले भेटतात. कवाच्या भेटून राह्यल्या."

मामाजींनी तोंडावर पंचा ओढला. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. अजून नाही आली.

दीपाली येऊन घरातल्या सगळ्यांना, रोग लागू नये म्हणून, एकेक गोळी देऊन गेली. शेजाऱ्यांनाही दिली. कोणी पारीची भाषा केली नाही. कमळानं चार दिवस आमच्या घरचा विळा मागितला नाही, पाचव्या दिवशी मागितला. झालं एवढंच. ज्या भीतीपायी हात गेला, तिच्यात दम केवढा होता, ते आम्हाला तेव्हा कळलं.

लग्नसराई तोंडावर आली. प्रफुलभाऊंनी नवा बासवाला पाहिला, सुरज नावाचा, भद्रावतीचा. त्याच्याकडे स्वतःचा बास नव्हता. तो आमच्याकडे आला, निळा बास गळ्यात अडकवून दोन सूर काढले आणि गोंधळून म्हणाला, "भाऊ, हा तं वाजतच नाई. कोनासाठी असा केला?" अंकुश म्हणाला, "तो राहू दे. जुना नेजो. परवा ये, तयार करून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जुना बास मांडीवर घेऊन बसला. घासलेल्या पट्ट्या काही परत वाढणार नव्हत्या, पण तारा वर घेता येत होत्या. डाव्या हाताला पट्टी होती, म्हणून मला मशीनवरून उठवलं. "मी उजव्यानं पेच फिरवतो अन् वाजवतो, तू तार दाब. करंगळीनं दाब. करंगळीनं दाबली गेली तं कोनालेबी जमंन."

मी दाबली. त्यानं वाजवली. करकर. त्यानं पेच फिरवून तार वर घेतली. पुन्हा दाबली, पुन्हा करकर, अजून वर. चौथ्या-पाचव्या वेळी सूर स्वच्छ निघाला, सारी पडवी भरून. पण आता तार उंच होती आणि जाड होती, ती दाबून धरताना माझ्या करंगळीच्या टोकात रुतली आणि मी हात झटकला.

"दुखलं?" त्यानं विचारलं.

"हो."

"दाखव." त्यानं माझं बोट उजव्या हातात धरलं. टोकावर तारेची लाल रेघ उमटली होती. तिच्यावर अंगठा फिरवत तो म्हणाला, "कसं दुखते?"

आता हे कसं सांगायचं? दुखणं दुखण्यासारखं असतं. मी म्हटलं, आधी बोचते. मग जरासं गरम लागते. मग आत ठणकते, नखापर्यंत. तो डोळे मिटून ऐकत होता. मी थांबले.

"अजून सांग," तो म्हणाला.