गिरणी बंद पडली त्या दिवशी

या, चुलीजवळ सरका, धुराला भिऊ नका. आमच्या शाळेची एक गोष्ट सांगते. त्यात माझं एक पाप आहे, तेही लपवत नाही.

न्चेऊच्या डोंगरातल्या मुलींच्या निवासी शाळेत मी स्वयंपाकीण. राजधानीतून, लिलाँग्वेहून, काचाले साहेब आले, पोरींची मनं मोजायला. झोप लागते का, एकटं वाटतं का, असे प्रश्न. नेहमी सुखात असाल तर पाच लिहा, कधीच नसाल तर शून्य. जिथल्या पोरी जास्त दुःखी, तिथे समुपदेशक बाई मिळणार. जिल्ह्याला एकच बाई होती, आणि मला ती झिओनेसाठी हवी होती. आई गेल्यापासून ही पोर मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा गोळा हातात धरून नुसती बसून राहायची.

कागद गोळा झाले. सगळ्यांचे पाच. झिओनेचेही पाच!

साहेब हरखले. "मावशी, ही शाळा की स्वर्ग? बाई दुसरीकडे पाठवतो."

"अहो साहेब, पाहुण्याने 'कशी आहेस' विचारलं की 'तुम्ही बरे, तर मीही बरी' म्हणायचं, हे तुम्हाला आईने शिकवलं नाही वाटतं? पाहुण्यापुढे रडणारी पोर आमच्यात वाया गेलेली समजतात."

"मग खरं सांगतात तरी कुठे?"

"उखळापाशी. मुसळ चालू असताना गायलेल्या शब्दाचा राग सासूसुद्धा धरत नाही."

"पण तुमच्याकडे तर गिरणी आहे."

"आहे खरी," मी म्हटलं.

सकाळी गिरणीचा पट्टा नाहीसा. माझ्या प्रार्थनेच्या पांढऱ्या झग्याखाली कंबरेला गुंडाळलेला होता. देवा, क्षमा कर. पोरींनी कुरकुरत उखळं काढली. साहेबांच्या मांडीवर मी कणसं ठेवली. "सोला. कामाला हात लावला की माणूस पाहुणा उरत नाही."

आमच्या चर्चचे पाळक प्रवचन गातात ना, तसा मी सूर लावला, "सांग गं मुसळा, कोणाला झोप नाही?"

एक पोर उठली ती थेट, "मोठ्या बाई घोरतात, भिंत हलते, मुसळा!"

"भिंत हलते, मुसळा!" सगळ्यांनी झेललं. मोठ्या बाई खिडकीत ओठ चावत उभ्या.

"मावशीच्या घेवड्यात दाण्यांहून किडे फार!"

तेही मीच झेललं. करते काय!

मग झिओने. मुसळ थांबवलं नाही तिने, मान वर केली नाही. "सुट्टीत सगळ्या घरी जातील, मुसळा. मी कोणाचं दार वाजवू?"

"कोणाचं दार वाजवू, मुसळा," पोरींनी हळूच झेललं. साहेबांच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. थोड्या वेळाने ते स्वतःच बेसूर गायला लागले, "पाच की शून्य, मुसळा?" पोरी हसून हसून लोळल्या, पण अंक खरे दिले. झिओने म्हणाली, "शून्य."

पुढच्या सोमवारी समुपदेशक बाई आल्या. आता झिओने त्यांच्याशी बोलते. जेवते मात्र अजून अर्धंच, आणि सुट्टी लागायला आठवडा उरलाय. आज प्रार्थनेला गुडघे टेकाल, तेव्हा तेवढी तिची आठवण ठेवा.