वाऱ्याखालचा पलंग

मे महिन्यात कूलरसमोर कोण झोपणार, हे आमच्या घरात मी ठरवते. रायपूरची गरमी ज्यांनी भोगली नाही त्यांले हे समजणार नाही. पाव्हणा आला की ती जागा पाव्हण्याची. जावई आला तर जावयाची. कोणी नसलं की माझी. आमचे हे रेल्वेच्या नोकरीत वर्ध्याहून इकडं आले, चौबे कॉलोनीत घर बांधलं, पण कूलरसमोर आडवं व्हायचं तर त्यांनीही मले विचारलं.

माझी नात गंधाली आर्किटेक्ट आहे. शंकर नगरच्या एका ऑफिसात जाते. पाहाले नाजूक, पण जीभ माझ्यावर गेली. लोक म्हणतात तिच्या लग्नाची काळजी करा. मले काळजी त्या पोट्ट्याची.

मागच्या उन्हाळ्यात तिले पहिल्यांदा स्वतःच्या नावावर काम मिळालं. जैसलमेरकडं वाळवंटात पाव्हण्यांसाठी लॉज. जोधपूरचे सुशील भंडारी म्हणून मालक. त्यांची अट अशी, की एसी नको, सिमेंटचे ट्रक नको, पाणी जपून. दगड तिथलाच, चुना तिथलाच, दिवे उन्हावर चालणारे.

"म्हणजे गरिबाचं घर," मी म्हटलं.

"हव आजी. भाडं श्रीमंताचं."

जेवणाच्या टेबलावर तिनं थर्माकोलची खोली करून ठेवली. ती होईपर्यंत आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. जाड भिंती, बारक्या खिडक्या, अन् छतातून वर गेलेलं धुराड्यासारखं काहीतरी. त्याचं तोंड वाऱ्याकडं. वरचा वारा त्यातून खाली खोलीत उतरणार. त्याच्या अगदी खाली तिनं काडेपेटीएवढा पलंग ठेवला.

"बरोबर आहे ना?"

"मग काय चुलीजवळ ठेवतेस?"

आधी नमुन्याची एक खोली बांधायची होती. ती पसंत पडली तर बाकीच्या गंधालीच्या, नाही पडली तर काम दुसऱ्या कोणाले. डिसेंबरात खोली तयार झाली. सुशीलजींनी फोनवर सांगितलं, "घर के किसी बुज़ुर्ग को साथ लाइए. मेरे मेहमान ज़्यादातर रिटायर्ड लोग हैं. एक रात सोकर वो जो कहेंगे, मैं मान लूँगा."

गंधालीनं माझ्याकडं पाहिलं. कोणाचं मन राखाले मी खोटं बोलत नाही, हे साऱ्या कॉलोनीले माहीत आहे. शेजारच्या नव्या सुनेचा हलवा मी तिच्या माहेरच्या माणसांसमोर परत केला होता.

माझी सून सुजातानं बॅगेत स्वेटर टाकलं. मी काढलं.

"आई, तिकडं थंडी राहते म्हणतात."

"वाळवंटात स्वेटर नेणं म्हणजे अभनपूरच्या भाजीबाजारात घरून वांगी घेऊन जाणं."

गाडीनं जोधपूर, तिथून जीप. खोलीत मात्र मले नाव ठेवाले काही सापडलं नाही. बाहेर ऊन डोळ्यांले टोचत होतं, आत पाऊल टाकलं अन् डोळे निवले. भिंतीत सामान ठेवाले कोनाडे. न्हाणीचं पाणी नालीनं बाहेरच्या खेजडीच्या झाडाले. गंधाली एकेक दाखवून राहिली होती अन् माझ्या तोंडाकडं पाहून राहिली होती. शाळेत होती तेव्हा इंग्रजीची वही दाखवताना अशीच पाहे, मले त्यातलं एक अक्षर कळत नसतानाही.

"आजी, तू इथं झोप," तिनं वाऱ्याखालचा मोठा पलंग मले दिला. स्वतः कोपऱ्यातल्या खाटेवर गेली. मान तो मान. मी ऐटीत आडवी झाले.

त्या रात्रीचं जास्त सांगत नाही. वारा वरून असा उतरला, जशी कोणी अंगावर गार पाण्याची घागर ओतली. गंधाली कोपऱ्यात, मी नको म्हटलेली रजई गुंडाळून थकून झोपलेली. तिले उठवलं असतं तर खोली फसली हे तिले कळलं असतं. म्हणून मी चादर घेतली, चादरीवर सतरंजी, सतरंजीवर दारातलं काथ्याचं पायपुसणं. उजाडाच्या आधी उठून सगळं जागच्या जागी ठेवलं अन् वेणी घालून बसले.

ऊन पडल्यावर सुशीलजी अंगणात आले. साठीचा माणूस, अंगावर जाड शाल. चहा आला. गंधाली माझ्या शेजारी बसली. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता.

"कहिए मांजी, कैसी नींद आई?"

"एकदम बढ़िया," मी म्हटलं. "ऐसी नींद तो घर में नहीं आती."

कप बशीवर वाजाले लागला. मी बशी खाली ठेवली.

सुशीलजी खुश झाले. बाकीच्या खोल्यांचं मिस्त्रीले सांगाले त्यांनी फोन काढला.

"आजी झूठ बोल रही है," गंधाली म्हणाली.

मी तिले चिमटा काढला. तिनं माझा हात धरून ठेवला.

"उनके बालों में पायदान का रेशा फँसा है, देखिए. पूरी रात ओढ़कर सोई हैं."

मी डोक्यावर पदर घेतला. आता काय उपयोग.

"ग़लती मेरी है," ती पुढं बोलली. "डिज़ाइन मैंने रायपुर में किया, मई में. ठंड के आँकड़े मेरे पास थे, फिर भी पलंग वहीं रखा, क्योंकि हमारे यहाँ मेहमान को हवा में सुलाते हैं. आपके मेहमान तो ठंड में आएँगे."

सुशीलजींनी फोन परत खिशात ठेवला. मले वाटलं, गेलं पोट्टीचं काम. तिच्या जिभेनं गेलं, म्हणजे माझ्याच जिभेनं.

"तो अब?" त्यांनी विचारलं.

"पलंग पच्छिम की दीवार से लगेगा. वो दोपहर भर धूप पीती है, रात को गरमी छोड़ती है. हवा के रास्ते पर लकड़ी का ढक्कन, रस्सी सिरहाने. गर्मी में खोलो, ठंड में बंद. तब तक दूसरा कमरा मत बनाइए."

ते माझ्याकडं वळले. "मांजी, आपने झूठ क्यों बोला?"

"तुमको नातिन है?"

"है. दो हैं."

"तो काहून पूछते हो?"

त्यांनी मान खाली घातली अन् हसले. मग मिस्त्रीले फोन लावला. "बाकी कमरे अभी रोक दो. पहले ढक्कन बनेगा. मैडम जैसा बोलें, वैसा."

गंधाली उठली ती चप्पल न घालताच पश्चिमेच्या भिंतीकडं गेली. भिंतीले दोन्ही तळहात लावून उभी राहिली, जशी भिंतीची नाडी पाहून राहिली.

"चार लोकांसमोर मले खोटी पाडली," मी तिथूनच ओरडले.

"तूच शिकवलं ना, तोंडावर बोलायचं!"

"दुसऱ्याले बोलाले शिकवलं होतं. स्वतःच्या आजीले नाही."

तेवढ्यात सुशीलजींनी आपली शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली. परक्याचं मी काही घेत नाही. पण घेतली. धुवून परत करीन म्हटलं.

शाल अजून आमच्या घरी आहे. संक्रांत झाली की परत झोपून पाहाले बोलावलंय. गंधाली म्हणते, तेव्हा नेऊन देऊ. मी म्हणते, आधी झाकण नीट बसलं का ते पाहू दे.